ओलावा आत गेल्याची शक्यता

सहा वर्षांत या गोष्टीचा एक शब्द माझ्या तोंडून निघालेला नाही. बायकोसमोरही नाही — आणि ती माझ्या चपलांच्या आवाजावरून माझा दिवस कसा गेला ते ओळखते. आज तुम्हाला सांगतो आहे. तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा मला मध्येच थांबवून, ‘अरे, मग तेव्हाच का नाही बोललास?’ असं तुम्हाला विचारता येणार नाही, म्हणून. बघा, सुरुवातीलाच मी तुमच्यावर संशय घ्यायला लागलो.

सवय आहे. माझा धंदाच संशयाचा. पनवेलमधल्या आणि आसपासच्या ऑफिसांचे, दवाखान्यांचे सर्व्हर मी सांभाळतो. यंत्र बंद पडलं की आधी वायरवर संशय, मग पॉवर सप्लायवर, मग मेमरीवर, मग डिस्कवर. हे सगळे निर्दोष सुटले की माणसांवर. कुणी हात लावला? कुणी काही बदललं? सगळे ‘नाही’ म्हणतात, आणि त्यातला एक खोटं बोलत असतो. या यादीत स्वतःचं नाव कुठे येतं? सगळ्यात शेवटी. बहुतेकदा तिथपर्यंत पोचायची वेळच येत नाही.

जुन्या पनवेलमध्ये, तलावाकडून बाजारात येताना, एक पॅथॉलॉजी लॅब आहे. नाव सांगत नाही. मालकीण डॉक्टर, सगळे त्यांना मॅडम म्हणायचे. लॅबच्या मागच्या खोलीत, एसीच्या गारव्यात, एक सर्व्हर होता. दिसायला एकच पेटी, पण तिच्या पोटात पाच यंत्रं चालायची — रिपोर्टचं एक, एक्स-रेच्या चित्रांचं एक, अशी. ही पाचही खोटी खोटी, म्हणजे लोखंडाची नव्हेत, पण कामाला खरी. त्या पाचांना अंगाखांद्यावर खेळवणारा जो मूळ प्रोग्रॅम असतो, त्याला हायपरवायझर म्हणतात. शब्द विसरलात तरी चालेल. तो उठला नाही तर पाचांतलं एकही उठत नाही, एवढं लक्षात ठेवा.

हे सगळं मी उभं केलं होतं, आणि मला त्याचा माज होता. डिस्कवर माहिती कशी मांडून ठेवायची याची एक पद्धत असते, तिला फाइलसिस्टिम म्हणतात. बाकीचे लोक साधी वापरतात. मी प्रगत वापरली होती — तीच माहिती दोन डिस्कवर, एक मेली तर दुसरी तयार, प्रत्येक तुकडा स्वतःच स्वतःला तपासणारा. आणि हायपरवायझरसुद्धा त्याच डिस्कवर, त्याच मांडणीत बसवला होता. पनवेलमध्ये असं कुणी करत नाही, असं मी चहाच्या टपरीवर सांगायचो. ऐकणाऱ्याला काही कळायचं नाही, पण मला बरं वाटायचं.

आणि त्या खोलीची किल्ली असायची नामदेवदादांकडे.

नामदेव घरत. चिरनेरचे. लॅब सुरू झाली तेव्हापासून तिथे होते — इन्व्हर्टर, बॅटऱ्या, जनरेटर, एसी, फ्रिज, पाण्याची टाकी, जे जे म्हणून चालतं ते सगळं त्यांच्याकडे. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, चालताना वाजायचा. शिक्षण फारसं नाही, पण मी एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. सर्व्हर बंद करायचा तर बटण एकदाच दाबायचं, दाबून धरायचं नाही, पाचही यंत्रं आपापलं आवरून झोपेपर्यंत थांबायचं — हे त्यांना मी एका सकाळी शिकवलं आणि त्यांनी ते कायमचं लक्षात ठेवलं. आणखी एक शिकवलं होतं. यंत्रात काहीही बदल केला, की बंद करून पुन्हा चालू करून बघायचं. चालू यंत्र सगळं लपवतं, खरं काय ते उठतानाच कळतं. हे त्यांना इतकं पटलं, की त्यांनी ते एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून खोलीच्या दारावर चिकटवलं. माझं नाव खाली घालून.

दसऱ्याला लॅब दुपारी उघडायची. सकाळी नामदेवदादा सगळ्या यंत्रांची पूजा करायचे. सर्व्हरचीही. बंद करून, वायरी काढून, धूळ झटकून, कोरड्या फडक्यानं पुसून, पेटीच्या कपाळावर कुंकवाचं बोट, वर झेंडूचा हार. मी देवधर्म फारसा मानत नाही. पहिल्या वर्षी मी त्यांची थट्टा केली — दादा, याला नैवेद्य काय दाखवणार, पेनड्राइव्ह? ते हसले. पण मी पाण्याबद्दल मात्र बजावलं. खोलीत पाण्याचा थेंब नको. तेव्हापासून ते कलश उंबऱ्याबाहेर ठेवायचे, फुलानं पाणी शिंपडायचं ते उंबऱ्यावरच. कुंकू पाण्यात नाही, खोबरेल तेलात कालवायचे, ओघळू नये म्हणून. तेल त्यांचं त्यांनीच शोधून काढलं. मी सांगितलं नव्हतं.

आता मुद्द्याकडे येतो. येतोच आहे.

त्या वर्षी पावसाळ्यात मला एक गोष्ट कळली. मॅडम फोनवर कुणाला तरी म्हणत होत्या, ‘हो, या ना, सगळी सिस्टिम बघून घ्या.’ मी बाहेर बाकावर बसलो होतो. सगळी सिस्टिम! माझ्या डोक्यात लगेच गिरणी सुरू झाली. कोण येतंय? वाशीची कुठली तरी कंपनी असणार. माझं काम तपासणार, चुका काढणार, मला नारळ देणार. मॅडम आठवडाभर माझ्याशी नेहमीसारख्याच बोलत होत्या, म्हणजे नक्कीच लपवत होत्या — असं मला वाटलं. नेहमीसारखं वागणं हासुद्धा मला पुरावा वाटायला लागला. तुम्हाला झालंय कधी असं?

सर्व्हरची तब्येत विचारली की तो एक लांब उत्तर द्यायचा, आणि त्यात बरेच महिने एक सूचना यायची — या फाइलसिस्टिमच्या काही नव्या सोयी तुम्ही चालू केलेल्या नाहीत, अपग्रेड करा. बिघाड नव्हता. दारावरच्या भिकाऱ्याकडे आपण करतो तसं मी तिकडे दुर्लक्ष करायचो. पण आता कुणी परका माणूस येऊन तेच उत्तर वाचणार. म्हणेल, एवढंही केलं नाही? मला ते उत्तर स्वच्छ हवं होतं.

मी अपग्रेडची आज्ञा दिली. एक ओळ. सेकंदभर लागला. सूचना गेली, सगळं कसं छान दिसायला लागलं.

त्या सूचनेत पुढे आणखी एक वाक्य होतं. असं केल्यावर, ज्या प्रोग्रॅमला या नव्या सोयी समजत नाहीत, त्याला ही डिस्क वाचता येणार नाही. मी ते वाचलं नव्हतं. नाही — वाचलं होतं. ते आपल्याला लागू नाही असं मी ठरवलं. लागू होतं. यंत्र चालू करताना सगळ्यात आधी एक छोटा प्रोग्रॅम जागा होतो, बूटलोडर. त्याचं काम एवढंच, की डिस्क वाचायची आणि हायपरवायझरला हाक मारून उठवायचं. आमचा बूटलोडर जुन्या वळणाचा होता. घराचं कुलूप बदलावं आणि पहाटे दार उघडणाऱ्या माणसाकडे जुनीच किल्ली राहावी, तसं मी करून बसलो होतो. घर उघडं होतं तोवर कुणाला काही कळणार नव्हतं.

नामदेवदादा तेव्हा खोलीतच होते. बॅटऱ्या तपासायला आले होते. मी खुर्चीतून उठलो तेव्हा त्यांनी दाराकडे, त्या कागदाकडे बघितलं आणि म्हणाले, “सायेब, आज बंद-चालू नाय करायचा काय?”

मी म्हणालो, गरज नाही. बाहेर पेशंट बसलेत.

ते बरं म्हणाले. बस, एवढंच. तीन महिने यंत्र चालत राहिलं. पावसाळ्यात पनवेलची वीज दिवसातून चारदा जायची, पण दादांच्या बॅटऱ्यांनी सर्व्हरला पापणी लवू दिली नाही. त्यांनी बॅटऱ्यांची हेळसांड केली असती तर तो आठवडाभरातच बंद पडला असता आणि माझी चूक माझ्याच पदरात पडली असती. तो परका माणूसही येऊन गेला. तो लॅबला कसलंसं प्रमाणपत्र द्यायला आलेला तपासनीस होता. फ्रिजचं तापमान लिहून घेतलं, चहा घेतला, गेला. मागच्या खोलीचं दारही त्यानं उघडलं नाही.

दसऱ्याच्या सकाळी मी करंजाड्याला घरी होतो. साडेनऊला नामदेवदादांचा फोन. “सायेब, यंत्र उठत नाय.”

स्कूटरवरून मी दहा मिनिटांत पोचलो. दादा हातात पूजेचं ताट घेऊन खोलीत उभे होते. ताट खाली ठेवायचंही त्यांना सुचलं नव्हतं. मॅडम साडी नेसून, केसांत फूल घालून आलेल्या, दारात. आणि स्क्रीनवर, काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत, बूटलोडरचा निरोप — फाइलसिस्टिम अनोळखी आहे.

मी पेटी उघडली. आत, पंख्याच्या जाळीपाशी, झेंडूची एक पाकळी होती. पुढच्या पत्र्यावर कुंकवाचं बोट. मला नामदेवदादांवर संशय आला. पाकळी आत गेली तर पाणीही गेलं असेल, असं कुणालाही वाटलं असतं. मी पाकळी चिमटीत धरून मॅडमसमोरच्या टेबलावर ठेवली. मॅडमनी पाकळीकडे बघितलं, मग दादांकडे.

पुढच्या तासाभरात मला खरं काय ते कळलं. पेनड्राइव्हवरून यंत्र दुसऱ्याच प्रोग्रॅमनं उठवलं, डिस्क उघडल्या. दोन्ही ठणठणीत. पाचही यंत्रांची माहिती अक्षर न् अक्षर जागेवर. ओलाव्याचा मागमूस नाही. आणि या प्रगत फाइलसिस्टिमची एक खासियत आहे — ती स्वतःची रोजनिशी ठेवते. तिला दिलेली प्रत्येक मोठी आज्ञा, तारीख, वेळ आणि कुणी दिली, सगळं डिस्कवरच लिहून राहतं. मी ती उघडली. शेवटून थोडं वर, पावसाळ्यातल्या एका दुपारची ओळ होती. अपग्रेड. देणारा — मी. पासवर्ड माझ्याशिवाय कुणाकडे नव्हताच.

थांबा. वर मी म्हणालो की मला नामदेवदादांवर संशय आला. ते खरं नाही. स्क्रीनवरची ओळ वाचली त्याच क्षणी मला ती अपग्रेडची आज्ञा आठवली होती. पाणी गेलं तर यंत्र मुकं होतं, ते ‘अनोळखी’ म्हणत नाही. एवढं मला कळत होतं. म्हणजे ती पाकळी मी उचलली, चिमटीत धरली, आणि सगळ्यांना दिसेल अशी टेबलावर ठेवली, तेव्हा मला माहीत होतं. पूर्ण नसेल. पुरेसं होतं.

दुरुस्ती अर्ध्या तासाची होती. हेही सांगून टाकतो. असल्या डिस्कवर सुरुवातीला बूटलोडरसाठी एक छोटी वेगळी जागा राखलेली असते, साध्या मांडणीची, त्यालाही वाचता येईल अशी. तिथे त्याचं सामान नीट लावून दिलं की काम झालं. दुपारी लॅब वेळेवर उघडली असती. मी मॅडमना सांगितलं, डिस्कची अवस्था बघता सगळं नव्यानं बसवावं लागेल. अडीच दिवस लागले. पाचही यंत्रं बाहेर काढली, मूळ मांडणी पुसली, नवी केली, सगळं परत भरलं. का? तर रोजनिशी पुसायला दुसरा मार्ग नाही. मांडणीच गेली की तिची रोजनिशीही जाते.

कोण वाचणार होतं ती? त्या लॅबमध्ये ती वाचू शकणारा मी सोडून एक माणूस नव्हता. तरी मी पुसली. मला वाटलं, मॅडम दुसऱ्या कुणाला तरी आणून दाखवतील. मला वाटलं, दादांना ती दुपार आठवेल. त्या अडीच दिवसांत काउंटरवरच्या मुली हातानं रिपोर्ट लिहीत होत्या आणि जुने रिपोर्ट मागायला आलेल्यांना परत पाठवत होत्या. उरणहून एक कोळी बाबा बायकोचे जुने रिपोर्ट न्यायला दोनदा येऊन गेला, तिसऱ्यांदा बाहेरच्या पायरीवर बसून राहिला. मी त्याच्या बाजूनं चहाला गेलो आणि आलो.

तिसऱ्या दिवशी यंत्र उठलं. मॅडम म्हणाल्या, तुम्ही होतात म्हणून निभावलं. माझ्यासाठी पेढे मागवले. मग म्हणाल्या, काय झालं ते दोन ओळींत लिहून द्या, मराठीत द्या, स्टाफला वाचून दाखवायचंय.

मी लिहिलं, ‘पूजा व स्वच्छतेच्या वेळी उपकरणात ओलावा गेल्याची शक्यता नाकारता येत नाही.’

हे वाक्य परत वाचा. यात खोटा असा एकही शब्द दाखवता येणार नाही. शक्यता. नाकारता येत नाही. मी ते तीनदा खोडून लिहिलं होतं, त्याबद्दल मला तेव्हा समाधान वाटलं होतं. मॅडमनी ते सोमवारी सगळ्यांसमोर वाचलं. नामदेवदादा पाण्याच्या कूलरपाशी उभे होते. मान खाली नव्हती त्यांची. ते माझ्याकडे बघत होते, चूक दुरुस्त करणाऱ्याकडे बघावं तसं. किंवा मला तसं वाटलं. ते नेमकं कसं बघत होते, हे मी सहा वर्षं ठरवतो आहे.

नंतर ते मला जिन्यात भेटले. हळू आवाजात म्हणाले, “सायेब, माज्या हातनं पानी गेला काय आत? मी तं भायेरच शिंपडला व्हता. व्हता ना?”

त्यांना त्या दुपारची आठवण येते का, हे मी त्यांच्या डोळ्यांत शोधत होतो. तिथे नुसती काळजी होती. उत्तर सोपं होतं. नाही दादा, तुमच्या हातून काही झालं नाही. एवढे चार शब्द बोललो असतो तरी माझं नाव त्यात आलं नसतं. मी म्हणालो, “सांगता येत नाही दादा. होतं कधी कधी.” आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. खांद्यावर हात ठेवला, हे मला सगळ्यात जास्त लागतं.

मॅडमनी त्यांना काढलं नाही. मागच्या खोलीची किल्ली तेवढी जुडग्यातून काढून घेतली आणि मला दिली. मग इन्व्हर्टरची. मग कुणी तरी थट्टा सुरू केली — दादा, कूलरला हात लावू नका, बंद पडेल. दादा, लांबून जा, एक्स-रे चालू आहे. काउंटरवरच्या मुली हसायच्या, वाईट मनानं नाही, आपल्याकडे हसतात तसंच. मीही हसलो. एकदा नाही, बऱ्याचदा. माणूस सारखं एकच ऐकत राहिला की ते खरं मानायला लागतो. दादा बल्ब बदलतानाही कुणाला तरी बोलवायचे, तू लाव म्हणायचे. शिमग्याच्या सुमारास एके दिवशी ते आले नाहीत. मग कधीच आले नाहीत. त्यांनी दारावर चिकटवलेला तो कागद मी काढला. पुढच्या दसऱ्याला पूजा झाली नाही, कुणी आठवणही काढली नाही.

गेल्या वर्षी, नवरात्रात, पनवेल स्टेशनबाहेर मी रिक्षात बसलो. चालवणारी बाई होती, तिशीतली. थोडं पुढे गेल्यावर तिनं आरशात बघून विचारलं, तुम्ही लॅबच्या कॉम्प्युटरचे सर ना? ती नामदेवदादांची सून निघाली, भारती. म्हणाली, बाबा तुमचं नाव काढतात. दसऱ्याला या घरी, नवी रिक्षा आहे, पूजा करायचीय. बाबा तुम्हाला बोलवा म्हणून कधीचे मागे लागलेत.

माझ्या मनात काय आलं असेल? आनंद? मला वाटलं, त्यांना कळलंय. कुणी तरी सांगितलंय. चार लोकांसमोर मला विचारायचं म्हणून बोलावतायत. मी नाही जायचं ठरवलं. मग वाटलं, गेलो नाही तर तोच पुरावा होईल. मी गेलो ते प्रेमापोटी नाही. किती माहीत आहे ते बघायला गेलो.

चिरनेरला घर रस्त्यालगत. अंगणात रिक्षा उभी, धुऊन पुसून, आरशांना आंब्याच्या पानांचं तोरण. भारतीनं ताट तयार केलं होतं. नामदेवदादा लांब, ओट्याच्या टोकाला खुर्चीत बसले होते. वाळले होते. मला बघून उठले, दोन्ही हातांनी माझा हात धरला. बसा म्हणाले, चहा आणायला सांगितला, माझ्या मुलांची चौकशी केली. आजारपणाचं बोलले, भाताचं बोलले. लॅबचा विषय ते काढतील याची मी वाट बघत होतो, पण त्यांनी काढला नाही, आणि मीही काढला नाही.

पूजेची वेळ झाली. भारती म्हणाली, बाबा, या. ते जागचे हलले नाहीत.

“मी नाय लावत,” ते म्हणाले. मला समजावून सांगावं तसं माझ्याकडे वळून म्हणाले, “माजा हात यंत्राला लाभत नाय, सायेब. तुमाला तं ठावं हाय. घरातला पंपसुदा मी चालू करीत नाय आता. पोरीचा पोट हाय त्या रिक्षावर. तुमचा हात चांगला. तुमी लावा.”

त्यासाठी बोलावलं होतं मला.

भारतीनं ताट माझ्यापुढे धरलं. कुंकू तेलात कालवलेलं होतं. अंगणात ती, तिचा नवरा, दोन शेजारणी, आणि लांब ते. सांगायची याहून चांगली वेळ मला आयुष्यात मिळणार नव्हती, हे मला तिथे उभा असतानाच कळत होतं. मी अंगठा बुडवला आणि रिक्षाच्या काचेखाली, मधोमध, कुंकू लावलं. हार घातला. भारतीनं उंबऱ्याबाहेर ठेवतात तसा कलश चाकांपासून हातभर लांब ठेवला होता. तिला ते कुणी शिकवलं ते विचारायची गरज नव्हती.

तिनं रिक्षा सुरू केली. पहिल्या फटक्यात लागली. शेजारणी हसल्या. ती उतरायला लागली तेवढ्यात ओट्यावरून नामदेवदादांचा आवाज आला.

“बंद कर. परत चालू करून बग.”

“कशाला बाबा? लागली की.”

“बंद-चालू करून बगावं,” ते म्हणाले. “सायबांनी शिकवलंय.”

मी त्यांच्याकडे बघितलं. ते रिक्षाकडे बघत होते. भारतीनं रिक्षा बंद केली, पुन्हा चालू केली. पुन्हा लागली. त्यांनी समाधानानं मान हलवली. मग मला आपट्याची पानं दिली, सोनं घ्या म्हणाले. मी वाकून नमस्कार केला. पाठीवर हात ठेवून ते म्हणाले, सुखी राहा. मी भारतीच्याच रिक्षातून पनवेलला परत आलो. वाटेत ती बोलत होती, मी हो हो म्हणत होतो.

पाणी आत गेलं नव्हतं. नामदेव घरतांनी ते त्या दिवशीही, दर वर्षीसारखंच, उंबऱ्याबाहेर शिंपडलं होतं. ते अजून चिरनेरलाच आहेत, आणि घरातला पंप दुसरं कुणी तरी चालू करतं.